मधुकर, मधुहा आणि मधपेटी

मधमाश्यांनी साठवलेला मध माणसाने काढून घेतला तर ती चोरी होते का, आणि त्यात हिंसा होते का, हे भारतीय धर्मविचारातले जुने प्रश्न आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात विशीतला एखादा तरुण आठ-दहा मधपेट्या घेऊन काजूच्या बागेत मांडतो, तेव्हा हे प्रश्न पोथीतून नव्हे तर गिऱ्हाइकाच्या तोंडून त्याच्यापर्यंत येतात. एकाला सत्यनारायणाच्या पंचामृतासाठी मध हवा असतो, तोही ‘शुद्ध’. दुसऱ्याला खोकल्यावर औषध म्हणून हवा असतो. आंबा घाट चढून वर गेले की कोल्हापूर-सांगलीकडे मराठी बोलणारा दिगंबर जैन शेतकरी समाज मोठा आहे. तिथल्या अनेक घरांत बाटली पुढे करताच हात मागे जातो. एकाच बाटलीकडे लोक असे वेगवेगळ्या नजरेने का पाहतात, हे समजून घ्यायचे तर आधी पेटीत काय घडते ते पाहावे लागते.

कोकणात पाळली जाते ती सातेरी माशी, म्हणजेच सातपुडी. अंधाऱ्या ढोलीत किंवा दगडांच्या कपारीत ती एकाशेजारी एक अशी समांतर पोळी लावते आणि म्हणूनच पेटीत नांदते. आग्या माशी उंच फांदीला किंवा कड्याला एकच मोठे पोळे उघड्यावर लटकवते. ती पेटीत राहत नाही. फुलोरीचे पोळे झुडपात, तळहाताएवढे. सातेरीच्या पेटीत खालच्या कप्प्यात राणी, अंडी, अळ्या आणि पराग, तर वरच्या कप्प्यात मध असतो. फुलांतला पातळ रस कामकरी माशी मधुजठरात भरून आणते. घरातल्या माश्या तो एकमेकींच्या तोंडात देत-घेत घट्ट करतात, पंखांनी वारा घालून त्यातले पाणी उडवतात आणि मध पिकला की घरावर मेणाचे झाकण बसवतात. चांगल्या वर्षी एका पेटीतून साधारण पाच ते दहा किलो मध मिळतो. हा व्यवसाय तेवढ्या मापाचा आहे. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेत प्रशिक्षण आणि निम्मे अनुदान मिळते, निम्मे पैसे स्वतःचे घालावे लागतात.

तोंडातून तोंडात फिरलेला रस उष्टा नाही का, ही शंका जुन्यांनाही आली होती. वमन असूनही मध पवित्र, हे संस्कृतातल्या एका कूटवजा श्लोकात आले आहे. वासराने उष्टे केलेले दूध, शिवाच्या मस्तकावरून आलेले गंगाजल, मेलेल्या किड्याच्या कोशातून निघालेले रेशीम आणि कावळ्याच्या विष्ठेतून रुजलेला पिंपळ ही त्याच श्लोकातली इतर पवित्र वस्तूंची नावे. या यादीकडे नीट पाहिले तर पाचांपैकी तीन ठिकाणी दुसऱ्या जिवाचे श्रम किंवा प्राण खर्ची पडले आहेत. श्लोकाला मात्र चिंता आहे ती विटाळाची. वासराच्या वाट्याची, किड्याच्या प्राणाची किंवा माशीच्या साठ्याची त्यात दखल नाही. वैदिक परंपरेतला मधाचा विचार बराच काळ या वळणाने गेला. मध शुद्ध की अशुद्ध, कोणी खावा, कोणी खाऊ नये, असे त्याचे स्वरूप होते. मनुस्मृतीने ब्रह्मचाऱ्याला मध वर्ज्य केला तो मांस, सुगंध आणि माळांच्या पंगतीत बसवून. तिथे नियम इंद्रियसंयमाचा आहे. त्याच स्मृतीत बाराव्या अध्यायात मध चोरणारा पुढच्या जन्मी डास किंवा गोमाशीसारखा डंख मारणारा कीटक होतो असे सांगितले आहे. शिक्षा समर्पक आहे, पण चोरी अभिप्रेत आहे ती माणसाच्या घरातल्या मधाची. माशीचीही चोरी होऊ शकते, हे त्या यादीत बसत नाही.

जैन आचार्यांनी मात्र नेमका माशीच्या जिवाचा प्रश्न धरला. दिगंबर परंपरेत श्रावकाच्या अष्ट मूलगुणांत मद्य, मांस आणि मधु या तिन्हींचा त्याग येतो. दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात याची कारणमीमांसा केली आहे. मध मिळवायचा तर पोळे पिळावे लागते, पिळले की माश्या, अंडी, अळ्या मरतात, हा पहिला मुद्दा. त्या काळच्या पद्धतीचे वर्णन म्हणून तो अक्षरशः खरा होता. कोकणातल्या रानातही पिढ्यान्‌पिढ्या मध तसाच निघत असे. रात्री चुडी पेटवून धूर करायचा, माश्या होरपळल्या तर होरपळल्या, पोळे कोयत्याने उतरवायचे आणि फडक्यातून पिळायचे. निघणारा मध गढूळ असे, कारण त्यात चिरडलेल्या अळ्यांचा रस उतरलेला असे.

अमृतचंद्र तिथे थांबले नाहीत. पोळ्यातून आपोआप गळलेला किंवा माश्यांना फसवून मिळवलेला मध घेतला तरी हिंसा होतेच, कारण मधाच्या आश्रयाने राहणारे जीव त्यात मरतात, असे त्यांनी पुढे मांडले. चौकटीची पेटी निघण्याच्या कितीतरी शतके आधी या युक्तिवादाने तिचे उत्तर तयार करून ठेवले होते.

पेटीची गोष्ट अशी. पोळ्यांमध्ये माश्या जा-ये करण्यापुरती ठरावीक फट सोडतात. ती फट राखली तर त्या तिथे मेणाने जोडकाम करत नाहीत, हे १८५१ मध्ये अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ या पाद्र्याने ओळखले आणि उचलून बाहेर काढता येतील अशा चौकटींची पेटी बनवली. पुढे १८६५ मध्ये हृश्का याने चौकटी गरगर फिरवून मध बाहेर फेकणारे यंत्र पुढे आणले. भारतात फादर न्यूटन यांनी तिरुचिरापल्लीकडे सातेरीच्या मापाची पेटी तयार केली. म्हणजे हा सारा बदल दोन पाद्री आणि एका यंत्राचा आहे. त्याला धर्मविचारात जागा दिली ती गांधींच्या परिवाराने. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन होऊन वर्ध्याहून चाललेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या कामात मधमाशीपालन आले, आणि पोळे न पिळता काढलेला तो ‘अहिंसक मध’ अशी परिभाषा रूढ झाली. खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था उभारली, तीही याच वाटेवर.

प्रत्यक्ष काम पाहिले तर ‘अहिंसक’ हे विशेषण आपोआप लागत नाही, ते दर वेळी मिळवावे लागते. झाकण काढण्याआधी स्मोकरने दोन-तीन हलके झोत द्यायचे. धूर लागला की माश्या मधाकडे वळून पोट भरू लागतात आणि डंख कमी होतात. वरची चौकट सरळ उभी उचलायची, तिरकी नाही, नाहीतर शेजारच्या पोळ्यावरच्या माश्या घासून चिरडतात. चौकटीवरच्या माश्या मऊ ब्रशने पेटीत झाडायच्या. मेणाची झाकणे गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने पातळ कापायची, चौकट यंत्रात घालून हँडल सावकाश सुरू करायचे. घाई केली की ताजे मेण फाटते. रिकामे पोळे परत पेटीत जाते, माश्यांना ते नव्याने बांधावे लागत नाही. शेवटी चौकट खाली बसवताना बोटभर अंतरावर थांबायचे आणि कडेवरच्या माश्या हटू द्यायच्या. शिकाऊ माणूस इथेच चुकतो. लाकडावर लाकूड टेकताना बारीक ‘कट्ट’ असा आवाज येतो, तो एका माशीचा असतो. डंख मारला तरी कामकरी माशी मरते, कारण काटेरी नांगी कातडीत रुतून तिच्या पोटाचा भाग सोबत उपसून नेते. म्हणजे पेटी बेफिकिरीने उघडणारा मधपाळ दुखावतो स्वतः आणि मारतो माश्यांना.

तर पेटीने हिंसा कमी केली, संपवली नाही. एवढे मान्य केल्यावर वाद कुठे उरतो? गांधीवादी विचारात हिंसा कृतीत आहे. कृती सुधारली की वस्तू निर्दोष होते. अमृतचंद्रांच्या विचारात दोष वस्तूलाही चिकटलेला आहे. कृती कितीही सुधारली तरी वस्तू सुटत नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी सुसंगत आहेत. एकीला दुसरीने खोडता येत नाही, कारण त्यांचे पहिले पाऊलच निराळे आहे. जैन गिऱ्हाइकाला चौकटींचे तंत्र समजावून सांगत बसणारा मधपाळ म्हणून व्यर्थ श्रम घेतो.

रत्नागिरीत १८५६ मध्ये जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी तिसरी बाजू मांडली आहे. ‘गीतारहस्या’तल्या कर्मजिज्ञासा या प्रकरणात अहिंसेचा विचार करताना त्यांनी महाभारतातले दाखले घेतले. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी जग इतके भरले आहे की पापणी लवली तरी ते मरतात. नांगर धरणाराही मारतो. तेव्हा निखळ अहिंसा देहधाऱ्याला शक्य नाही. मग बरेवाईट ठरवायचे कशावरून? टिळकांचे उत्तर कर्त्याच्या बुद्धीवरून असे आहे. मधमाशीपालनाला हे लावून पाहण्यात मौज आहे, कारण या धंद्यात बुद्धी मोजता येते. ती किती चौकटी काढल्या आणि किती ठेवल्या यात दिसते.

इथून प्रश्न हिंसेकडून चोरीकडे वळतो, आणि खरे अवघड वळण तेच आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. याच स्कंधावर एकनाथांनी काशीत शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, आपली टीका पूर्ण केली, त्यामुळे हे गुरू मराठी घरांत चांगलेच ओळखीचे आहेत. त्यांत मधुकर आहे, आणि मधुहाही आहे. मधुकर म्हणजे माशी, मधुहा म्हणजे तिचा मध नेणारा. माशीकडून अवधूत दोन धडे घेतो. फुलाला इजा न करता अनेक ठिकाणांहून थोडेथोडे घ्यावे, हा पहिला. शिकण्यासाठी कोकणातून पुण्याला गेलेली कितीतरी मुले ज्या माधुकरीवर जगली, तो शब्द याच कल्पनेतून आला. दुसरा धडा असा की उद्यासाठी साठवू नये; साठवणारी माशी साठ्यासकट नाश पावते. आणि मधुहाकडून तो शिकतो की लोभ्याने कष्टाने जमवलेले धन, जे तो स्वतः भोगत नाही आणि कोणाला देतही नाही, ते शेवटी तिसराच घेऊन जातो.

दृष्टांत सुबक आहे, पण माशीवर त्यात अन्याय झाला आहे. तिचा साठा म्हणजे लोभ, हे गृहीत धरले आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. झड लागली की माशी दिवसचे दिवस बाहेर पडू शकत नाही. पडली तरी फुलांतला रस धुऊन गेलेला असतो. काजू आणि आंब्याचा मोहोर, नंतर जांभूळ, आंजणी, करवंद, असा हिवाळ्यापासून मेपर्यंतचा फुलोरा तिने मेणाखाली बंद करून ठेवलेला असतो तो या चार महिन्यांसाठी. अवधूताचे ऐकून जी वसाहत काही साठवणार नाही ती श्रावण पाहणार नाही. संन्याशाचा अपरिग्रह आणि संसाऱ्याची बेगमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोकणातली कुठलीही गृहिणी मे महिन्यात गच्चीवर आमसुले, पापड आणि सुके मासे वाळत घालते तेव्हा तिला कोणी लोभी म्हणत नाही. माशी संसारी आहे.

ती स्वखुशीने पेटीत राहते, सबब ती वाटा देते, असे समर्थन नेहमी ऐकू येते. त्यात थोडे तथ्य आहे. सातेरी माशी पाळीव गाईसारखी बांधलेली नसते. अन्न कमी पडले, मुंग्या किंवा मेणकिडा शिरला, पेटी वारंवार उघडली गेली, तर सगळी वसाहत राणीसह उठून जाते आणि मालकाच्या हाती रिकामी पेटी राहते. या स्वभावामुळे ती धंद्याला गैरसोयीची, पण नीतिविचाराला सोयीची आहे, कारण तिचे राहणे ही एक प्रकारची संमती मानता येते. मात्र बरेच मधपाळ दारावर राणीजाळी बसवतात. कामकरी माश्या तिच्या फटींतून जातात, अंगाने मोठी राणी अडते, आणि राणीवाचून इतर जात नाहीत. नव्याने धरलेली वसाहत स्थिरावेपर्यंत काही दिवस जाळी लावणे एक, आणि उपाशी वसाहत पळू नये म्हणून लावणे दुसरे. दुसऱ्या प्रकारात संमतीचा युक्तिवाद संपतो. राणीचे पंख कातरणे हेही त्याच जातीचे.

मग मालकी कोणाची? सम्राट जस्टिनियनच्या सहाव्या शतकातल्या रोमन कायद्याने मधमाश्यांना रानटी प्राणी मानले होते. पेटीत घेतल्या की त्या तुमच्या, आणि उठून गेलेला थवा डोळ्यांसमोर आहे, गाठता येण्याजोगा आहे, तोवरच तुमचा. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार जंगलातला मध आणि मेण हे वनोपज, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ते गोळा करण्याचा हक्क वननिवासींना दिला. इस्लाममध्ये मधाची महती मोठी आहे. कुराणाच्या सोळाव्या अध्यायाचे नावच मधमाशीवरून पडले आहे. डोंगरांत, झाडांत आणि माणसे उभारतात त्या आडोशांत घर कर, असा आदेश ईश्वराने तिला दिल्याचे तिथे सांगितले आहे आणि मधाला लोकांसाठी औषध म्हटले आहे. त्यातून निघालेल्या धर्मशास्त्रात मधाच्या उत्पन्नातून गरिबांचा दशमांश काढावा की नाही यावर मतभेद झाले. हनफी परंपरेत तो काढायचा असतो, शाफई परंपरेत नसतो. रत्नागिरीचे कोकणी मुसलमान शाफई आहेत. या सगळ्या कायद्यांत हिस्सेदार माणसेच आहेत: पेटीचा धनी, सरकार, आदिवासी, गरीब. माशीचा हिस्सा ठरवण्याची गरज कोणाला वाटली नाही.

बौद्ध विचारात माशी आणि फूल यांच्या नात्याला अधिक महत्त्व आहे. रंग-गंधाला धक्का न लावता माशी रस घेते तसे भिक्षूने गावात वावरावे, असा दृष्टांत ‘धम्मपदा’त आहे. विनयात मध हे भिक्षूला जवळ ठेवता येणाऱ्या पाच औषधांपैकी एक आहे, मुदत सात दिवस. आंबडवे हे डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले, आणि या जिल्ह्यात बौद्ध समाज मोठा आहे, म्हणून हा धागा इथे परका नाही. आजच्या वनस्पतिशास्त्राने या दृष्टांतात एक भर घातली आहे. माशी फुलाला नुसती इजा करत नाही असे नव्हे, तर परागसिंचन करून त्याचे फळ करते. मधपाळाची माशी शेजाऱ्याच्या काजूवर चरते तेव्हा ती शेजाऱ्याचे काही नेते आणि काही देतेही. बृहदारण्यक उपनिषदातल्या मधुविद्येची कल्पना हीच आहे: पृथ्वी सर्व भूतांचा मध, आणि सर्व भूते पृथ्वीचा मध. एकतर्फी घेणे या रचनेत बसत नाही. आंब्याचा मोहोर तुडतुड्यांपासून वाचवायला बागायतदार औषध फवारतो आणि दुसऱ्या दिवशी पेटीच्या दारात मेलेल्या माश्यांचा थर दिसतो, तेव्हा ही देवाणघेवाण तुटलेली असते. ती टाळायला तत्त्वज्ञान लागत नाही, आदल्या दिवशीचा एक फोन लागतो. संध्याकाळी माश्या परतल्यावर दार बंद करून पेट्या हलवता येतात.

उरतो जूनचा हिशेब. मे महिन्यात शेवटचा मध काढताना वरच्या कप्प्यातला सगळा काढून घ्यायचा की काही चौकटी तशाच ठेवायच्या, हे ठरवावे लागते. सगळा काढला तर पावसाळाभर साखरेचा पाक द्यावा लागतो: एक किलो साखर, एक लिटर पाणी, उकळून गार केलेले, संध्याकाळी पेटीच्या आत, बाहेर सांडू न देता, सांडला तर मुंग्या येतात आणि शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात. साखर मधापेक्षा पुष्कळ स्वस्त, त्यामुळे व्यापारी हिशेब सरळ आहे. धर्मशास्त्रात यासाठी प्रतिनिधी ही संज्ञा आहे. विहित द्रव्य न मिळाले तर त्याच्या जागी जवळचे दुसरे घ्यावे, याची चर्चा जैमिनीच्या पूर्वमीमांसेत सहाव्या अध्यायात येते. चिपळूणजवळच्या परशुराम परिसरात १८८० मध्ये जन्मलेल्या पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात ज्या मधुपर्काची माहिती दिली आहे, त्यातही असा पर्याय सापडतो: आश्वलायन गृह्यसूत्रानुसार दह्यात मध घालावा, मध न मिळाल्यास तूप. पण प्रतिनिधी चालतो तो मूळ द्रव्य मिळत नसेल तेव्हा. पावसाने फुलोरा बुडवला आणि वसाहत अशक्त निघाली, तर पाक हा प्रतिनिधी. भरलेल्या चौकटी आपणच विकून मग साखर घातली, तर त्याला मीमांसक प्रतिनिधी म्हणणार नाही. म्हणून जाणते मधपाळ मे महिन्यात पेटी उचलून वजनाचा अंदाज घेतात, खालच्या कप्प्यातल्या मधाला हात लावत नाहीत, वरच्या एक-दोन चौकटी झाकणासकट तशाच सोडतात, पेटीवर पत्रा बांधून दगड ठेवतात आणि दार पावसाच्या उलट दिशेला फिरवतात.